शिरीष नव्हे, रेन ट्री : मुलुंडमधल्या एका झाडाचं प्रकरण

मार्च २०२३. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत एक झाड तोडण्यासाठी अर्ज लिहिला गेला. त्यात झाडाचं नाव होतं ‘शिरीष’, वय ‘शंभर वर्षांच्या पुढे’ आणि अवस्था ‘पूर्ण वाळलेले, धोकादायक’. सोबत तीन फोटो जोडले होते. अर्ज वॉर्ड ऑफिसला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही झाडांचं शिकवायचात ना, एकदा नजर टाका.” ते आले नसते तर हे लिहायची वेळच आली नसती. म्हणून पहिलं श्रेय त्यांचं.

मी जवळजवळ तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. या झाडाखालून रोज स्टेशनला गेले. तरी अर्ज वाचेपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं की इमारतीतल्या साठ घरांपैकी कोणालाच त्याचं खरं नाव माहीत नाही. मीही कधी सांगितलं नव्हतं.

तक्रार खोटी नव्हती. जानेवारीपासून झाडाखालच्या गाड्यांवर चिकट थेंब पडत होते. काचा पुसल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्यावर धूळ बसून काळा थर. फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं काहीतरी दिसत होतं. पूर्वेकडची एक मोठी फांदी बोडकी झाली होती. फेब्रुवारीत तिचा हाताएवढा जाड तुकडा रात्री पडला. खाली कोणी नव्हतं हे नशीब. बी विंगमधल्या काकांची नात त्या जागी रोज सायकल खेळायची. त्यामुळे त्यांनी तोडण्याचा आग्रह धरला, तो मला आजही अवाजवी वाटत नाही.

आधी फोटोंबद्दल, कारण सर्वांत सोपा उलगडा तिथेच होता. तिन्ही फोटो संध्याकाळी सातच्या सुमाराला काढलेले होते आणि त्यांत उरलीसुरली पानंही मिटून खाली लोंबत होती. लोकांना ती सुकलेली वाटली. ती झोपली होती. या झाडाच्या पानाला बुडाशी आणि प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानाच्या, बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्याला पुलविनस म्हणतात. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडले की मागोमाग पाणी जातं, ती बाजू ढिली पडते आणि पर्णिका मिटतात. सकाळी हेच उलट घडतं. लाजाळूचं पान हात लागताच मिटतं, त्यामागची यंत्रणा याच जातीची; फक्त इथे ती अंधाराच्या तालावर चालते. आभाळ भरून आलं की भर दुपारीही पानं मिटू लागतात, आणि मग पाऊस थेट जमिनीवर पडतो. ‘रेन ट्री’ या नावाचा एक अर्थ असा लावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी सेक्रेटरीसाहेबांना खाली बोलावलं. पानं उघडी होती, विरळ पण हिरवी. नखाने चार-पाच डहाळ्यांची साल खरवडली. पूर्वेच्या फांदीवर आत तपकिरी कोरडं निघालं, बाकी सगळीकडे ओलं हिरवं. मार्च हा तसाही या झाडाचा पानगळीचा काळ. जुनी पानं जाऊन नवी पालवी यायच्या मधल्या आठवड्यांत ते उघडंबोडकं दिसतंच. एक फांदी मेली होती, झाड जिवंत होतं.

आता नाव. शिरीष हे आपलं झाड, अल्बिझिया लेबेक. संस्कृत काव्यातल्या नायिकांच्या कानावर जे नाजूक फूल असतं, ते याचं. फूल पिवळसर पांढरं आणि सुवासिक. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळल्या गवताच्या रंगाच्या. उन्हाळ्यात वाऱ्यावर खुळखुळतात. आमच्या झाडाची फुलं गुलाबी, पावडर लावायच्या पफसारखी. शेंगा काळपट, जाड, आत चिकट गोड गर, आणि पिकल्या तरी आपोआप उकलत नाहीत. पूर्वी नाक्याकडच्या गोठ्यातल्या म्हशी या शेंगांसाठी थांबायच्या असं तळमजल्यावरच्या आजी सांगतात. गुरांना त्या खरोखर आवडतात. पानातही फरक आहे. रेन ट्रीच्या पर्णिका तिरक्या चौकोनी, टोकाकडे मोठ्या होत जाणाऱ्या.

याला मराठीत वर्षावृक्ष म्हणतात, कोणी विलायती शिरीष म्हणतात, आणि मुंबईत सरळ रेन ट्री. मूळ घर मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. १८०० साली हम्बोल्ट हा जर्मन निसर्गअभ्यासक व्हेनेझुएलातून जात असताना त्याने याच जातीचा एक प्रचंड वृक्ष पाहिला. त्याच्या छत्रीचा परीघ त्याने ५७६ फूट लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी जॅकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने कराकसच्या झाडावरून याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं मिमोसा सामान. ‘सामान’ हा तिथल्या मूळ रहिवाशांचा शब्द, आपल्या घरातल्या सामानाशी त्याचा संबंध नाही.

त्यानंतर या झाडाची बिऱ्हाडं बदलत राहिली. १८४४ मध्ये बेंथमने ते पिथेसेलोबियममध्ये नेलं, म्हणजे आपल्या विलायती चिंचेच्या घरात. १८७६ मध्ये म्युलरने अल्बिझियात, शिरीषाच्या शेजारी बसवलं. १९१६ मध्ये मेरिलने समानिया या वेगळ्या प्रजातीत ठेवलं. आजही पाट्यांवर कुठे अल्बिझिया सामान, कुठे समानिया सामान असं दिसतं. मला समानियाच पटतं. न उकलणारी, गरयुक्त जाड शेंग ही काही किरकोळ बाब नाही, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनीही अमेरिकेतली ही मंडळी आशिया-आफ्रिकेतल्या खऱ्या शिरीषांपासून वेगळी काढली आहेत. तेव्हा अर्जातलं ‘शिरीष’ हे अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. काही शास्त्रज्ञांनीही शेदीडशे वर्षं त्याला शिरीषाच्याच प्रजातीत मानलं होतं.

त्याहून मोठी उलथापालथ मी निवृत्त झाल्यावर झाली. आम्ही वर्गात शेंगावर्गीयांची तीन उपकुळं शिकवायचो: वाटाण्याचं, गुलमोहराचं आणि बाभळीचं. रेन ट्री बाभळीच्या गटात. २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासकांच्या गटाने या कुळाची नवी मांडणी केली. साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाती, सहा उपकुळं. त्यात बाभळीचं स्वतंत्र उपकूळ उरलं नाही, ते गुलमोहराच्या उपकुळाच्या पोटात गेलं. म्हणजे आमच्या गेटवरचा गुलमोहर, मागचा सोनमोहर आणि मधला रेन ट्री हे तिघे आता एकाच उपकुळातले, आणि रेन ट्री त्यातल्या बाभूळ, खैर, शमी, सुबाभूळ, लाजाळू यांच्या शाखेवरचा. तीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती चुकीची ठरली याचं मला वाईट वाटलं नाही. गुलमोहराचीही पानं रात्री मिटतात हे पाहिलेल्याला हा शेजार ओळखीचाच वाटतो.

एवढं सगळं मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, “म्हणजे परदेशी झाड आहे. मग तोडलं तर बिघडलं काय?” प्रश्न रास्त होता. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर रेन ट्री त्रासदायक मानला जातो. पण मुंबईत मी त्याची रोपं सुबाभळीसारखी प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर माजलेली पाहिलेली नाहीत. दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भिडून जी कमान करतात, तिच्यात रेन ट्रीचा वाटा मोठा आहे. आणि परदेशी हाच निकष लावला तर गेटवरचा गुलमोहर मादागास्करचा आणि पाटीतला चिकू अमेरिकेचा. परदेशी झाड नव्याने लावावं का, हा एक प्रश्न. लावलेलं, सावली देणारं, जिवंत झाड पाडावं का, हा दुसरा. माझ्या मते या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

मग वयाचा मुद्दा निघाला, आणि या प्रकरणातला माझ्यासाठी सर्वांत अवघड भाग तोच होता.

महाराष्ट्रात शहरातल्या झाडांना १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळं स्थान मिळालं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. म्हणजे वयाचा आकडा हा नुसता कुतूहलाचा विषय राहिला नाही. सोसायटीच्या समितीने अर्जात ‘शंभरच्या पुढे’ लिहिलं ते झाड म्हातारं, म्हणून धोक्याचं, हे ठसवण्यासाठी. झाड वाचवू पाहणारी आमच्यातलीच एक उत्साही मुलगी म्हणाली, “बाई, शंभरच राहू द्या. वारसा ठरेल, मग कोणी हात लावणार नाही.” तिने हिशोबही करून आणला होता. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ३९० सेंटिमीटर. इंटरनेटवरच्या नियमाप्रमाणे वर्षाला अडीच सेंटिमीटर धरायचे. वय १५६ वर्षं.

नियम खरा आहे, पण तो ब्रिटनमधल्या मोकळ्यावर वाढणाऱ्या झाडांसाठी ॲलन मिचेल यांनी सुचवलेला ढोबळ अंदाज आहे. थंड प्रदेशातला ओक आणि उष्ण कटिबंधातला रेन ट्री यांना एकच पट्टी लावता येत नाही. रेन ट्री लहानपणी वर्षाला पाऊण ते दीड मीटर उंच होतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात, त्यामुळे भरावाच्या निकस जमिनीतही तो जोम धरतो. अशा झाडाचा घेर पाहून वय काढलं की आकडा हमखास फुगतो.

पुरावा तळमजल्यावरच्या आजींनी दिला. त्यांच्या ट्रंकेत मुलाच्या मुंजीचा फोटो होता, मागे स्टुडिओचा शिक्का आणि १९७७ साल. बटू, आजोबा, मांडवाचा खांब, आणि कोपऱ्यात बांबूला बांधलेलं, आजोबांच्या खांद्याला येणारं एक रोप. मागची भिंत आणि नळाची जागा तीच. आजी म्हणाल्या, “अगं, हेच ते. ह्यांनी आणि वॉचमनने मिळून लावलं. आदल्याच पावसाळ्यात.” वय ४६ वर्षं, फार तर ४७. वर्षाला सरासरी साडेआठ सेंटिमीटर घेर.

म्हणजे खरं सांगितलं तर झाड वारसा वृक्षाच्या मर्यादेत बसत नव्हतं. तीन-चार वर्षांनी थोडक्यात हुकत होतं. ती मुलगी रडवेली झाली. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही हे कबूल करते. फोटो मी पाहिला नसता, तर १५६ वर सही करणं सोपं होतं. पण ज्या झाडाला खोट्या नावाने आणि खोट्या आजाराने तोडायला निघाले होते, त्याला खोट्या वयाने वाचवायचं हे मला जमलं नाही. दुरुस्त मसुद्यात मी ४६ लिहिलं आणि फोटोची प्रत जोडली. त्याचा एक उपयोग अनपेक्षित झाला. ‘म्हातारं झालंय’ हा समितीचा मुख्य मुद्दाच गळून पडला. शेचाळीस हे या झाडाचं भर उमेदीचं वय.

मग उमेदीतलं झाड आजारी का पडलं? पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. गेल्या काही वर्षांत मुंबईतल्या अनेक रेन ट्रींना त्यांनी ग्रासलं आहे. हे कीटक सालीत सोंड खुपसून रस पितात, जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते. गाड्यांवरचा थर तो हाच. इथे मला नावाची दुसरी कथा आठवली. एकोणिसाव्या शतकात पेरूमध्ये ‘पाऊस पाडणाऱ्या’ झाडाची चर्चा होती. रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तसल्याच एका झाडाखाली उभं राहून पाहिलं, तर वर सिकाडा नावाचे कीटक रस पिऊन थेंब टाकत होते. स्प्रूसच्या झाडाखालचा पाऊस आणि आमच्या पार्किंगमधला पाऊस एकाच प्रकारचा.

पिठ्या ढेकणांना मुंग्या राखतात. गोड थेंबांच्या बदल्यात त्या पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात. रेन ट्रीच्या देठावरही मुंग्यांसाठी मधाच्या ग्रंथी असतात, पाहारेकरी ठेवल्यासारख्या. इथे पाहारेकरी शत्रूच्या पगारावर गेले होते.

पण कीड हे माझ्या मते अर्धंच कारण. खाली पाहिलं तर पेव्हर ब्लॉक थेट खोडाला टेकलेले होते. चार वर्षांपूर्वी केबलसाठी पूर्वेकडे चर खणला तेव्हा मनगटाएवढी मुळं कापली गेली होती, आणि मेलेली फांदी नेमकी त्याच बाजूची. शिवाय दर मे महिन्यात छाटणीचा ठेकेदार फक्त रस्त्याकडची बाजू उतरवायचा. रेन ट्रीची छत्री स्वतःच्या उंचीपेक्षा रुंद पसरते, लांब आडव्या फांद्या तोल सांभाळून धरतात. एकीकडून सतत कापलं की सगळा भार दुसरीकडे जातो. तहानलेलं, मुळं तुटलेलं, तोल गेलेलं झाड. त्यावर कीड चढली. कोणा एकाचा दोष नाही. चर खणला तेव्हा मीही गॅलरीतून बघत होते आणि खाली उतरले नाही.

समितीने तोडण्याऐवजी परवानगी घेऊन छाटणी करायची आणि एक पावसाळा थांबायचं ठरवलं. मेलेली फांदी झाडांच्या जाणकाराकडून, खोडाजवळची गाठ न दुखावता उतरवली. किडलेल्या डहाळ्या पोत्यांत बांधल्या, म्हणजे कीड शेजारच्या जास्वंदीवर जाऊ नये. रस्त्याच्या विरुद्ध बाजूचा थोडा भार हलका केला. खोडाभोवती दीड मीटरपर्यंतचे ब्लॉक उचलले, दबलेली माती सैल केली, शेणखत घातलं. खोडावर चिकट पट्टा गुंडाळला, मुंग्यांची वाट बंद.

फवारणीवरून वाद झाला. एकाने खोडात कीटकनाशक टोचण्याचा प्रस्ताव आणला; लवकर गुण येतो हे खरं. मी विरोध केला, कारण झाड फुलावर येत होतं आणि तसलं औषध रसातून फुलांपर्यंत, तिथून मधमाश्यांपर्यंत पोचू शकतं. शेवटी दाबाने पाणी, मग साबण आणि निंबोळी तेल, दर दहा दिवसांनी, शिडी पोचेल तिथपर्यंत. दुसऱ्या फवारणीआधी भिंगातून पाहताना काही ‘ढेकूण’ फारच चपळ वाटले. ते ढेकूण नव्हतेच. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. अंगावर तसाच पांढरा मेणाचा झुबका, आणि खाद्य पिठ्या ढेकूण. हा किडा भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणला गेला. त्या फांद्यांवरची फवारणी आम्ही तिथेच थांबवली. लोकांना हे पटवायला मात्र वेळ लागला. पांढरं दिसलं की मारायचं, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

२०२३ साली मुंबईत पाऊस २५ जूनला, उशिरा पोचला. त्यामुळे फवारणीला जवळजवळ दोन आठवडे जास्त मिळाले. तोवर नवी पालवी आली होती. जुलैतल्या जोराच्या वाऱ्यात दोन रात्री मी खिडकीशी बसून होते. एक बारीक डहाळी सोडता काही पडलं नाही. पुढच्या जानेवारीत कापूस पुन्हा दिसला, पण मोजक्या बेचक्यांत. गाड्यांवर थेंब पडतात, पूर्वीइतके नाहीत. पूर्वेकडे कापलेल्या जागेची कड भरून येते आहे, छत्रीला मात्र तिथे खिंडार राहिलं आहे. त्या बाजूची मुळं कितपत सावरली हे दर पावसाळ्याआधी तपासायचं, असं इतिवृत्तात लिहून घेतलं आहे. काकांनी नातीला सायकल गेटच्या बाजूला खेळायला सांगितलं आहे. ते त्यांनी योग्यच केलं.

खिंडारातून आता कंपाउंडच्या कोपऱ्यात ऊन येतं. तिथे काय लावायचं विचारल्यावर मी शिरीष सुचवला, खरा, खुळखुळ्या शेंगांचा. त्या मुलीने बिया मिळवल्या. गरम पाण्यात रात्रभर ठेवून दहा पेरल्या, चार उगवल्या. आजींच्या खिडकीखाली कुंडीत आहेत. सध्या वीतभर झाल्या आहेत, आणि संध्याकाळी सातला त्याही पानं मिटतात.